अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ पेटीतून बाहेर आलं, डिस्चार्जची तारीख कळली की फोन सुरू होतात. आई विचारते, बाबा विचारतात आणि सगळ्यात जास्त आजी विचारते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. तुमच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल तर कार्डावरचं पाळा. बाळाचं काही बिनसलंय अशी शंका असेल तर थेट प्रश्न ९ वर जा, बाकीचं नंतर वाचा.

१. अपुऱ्या दिवसांचं म्हणजे नक्की किती? आमचं ३६ आठवड्यांचं आहे, वजन २ किलो १०० ग्रॅम. हे सगळं आम्हालाही लागू होतं का?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं. तुमचं बाळ दोन्हींत बसतं. ३५-३६ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण दिवसांची वाटतात आणि तिथेच घरचे फसतात. ती झोपाळू असतात, दूध ओढता ओढता दमतात, कावीळही जास्त होते. तेव्हा ऊब (प्रश्न ३), पाजणं (प्रश्न ४) आणि धोक्याच्या खुणा (प्रश्न ९) तुम्हालाही लागू. डोळ्यांची तपासणी लागेलच असं नाही, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. शेजारच्या बेडवरच्या बाळाला दोन किलो झाल्याशिवाय सोडलं नाही. आमचं पावणेदोनचं आहे तरी घरी न्या म्हणतायत. बेड रिकामा करायचाय म्हणून का?

शंका मनात ठेवू नका, डॉक्टरांना सरळ विचारा. पण नुसतं वजन बघून बाळाला सोडत नाहीत. बाळ पेटीबाहेर, साध्या कपड्यांत अंगाची ऊब टिकवतंय का, सगळं दूध तोंडाने घेतंय का, सलग काही दिवस वजन वाढतंय का आणि गेल्या काही दिवसांत श्वास थांबण्याचा प्रकार झालेला नाही ना, हे बघतात. सव्वा किलोचं जन्मलेलं बाळ पावणेदोन किलोला या सगळ्यात पास होतं आणि दोन किलोचं एखादं अडकून बसतं.

निघण्याआधी एक-दोन रात्री आईला बाळासोबत वॉर्डात राहू देतात का ते विचारा. सगळं स्वतः केलेलं असलं की घरी हात थरथरत नाहीत. आणि कार्डावर या गोष्टी लिहिल्या आहेत ना, हे काउंटरवर उभं राहून वाचा: किती आठवड्यांना जन्म, जन्माचं आणि आजचं वजन, डोळे तपासणीची तारीख, कानांची तपासणी झाली का, मेंदूची सोनोग्राफी केली असेल तर तिचा रिपोर्ट, दिलेल्या लसी.

औषधांचं आणखी एक. "पाच थेंब" असं तोंडी सांगितलेलं घेऊन घरी जाऊ नका. लोहाच्या एका कंपनीच्या बाटलीत एका मिलीला जेवढं औषध असतं, तेवढंच दुसरीच्या बाटलीत असेल असं नाही. मेडिकलवाल्याने बाटली बदलून दिली की डोस चुकतो. सिस्टरना सांगा, एक मिलीच्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. ती सिरिंज आणि तीच बाटली जोडीने ठेवा. बाटली बदलली तर रेघ पुन्हा विचारून मारा.

३. घरात पेटी नाही. बाळाला गरम कसं ठेवायचं? हीटर घ्यायचा की शेगडी ठेवायची?

दोन्हींच्या आधी आईची छाती. बाळाला त्वचेला त्वचा लावून छातीवर ठेवायची ही पद्धत, कांगारू मदर केअर, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथल्या रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या. आता पेट्या भरपूर असलेल्या ठिकाणीही हीच पद्धत वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशींत दिवसाला ८ ते २४ तास असं प्रमाण सांगितलं आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत "सकाळी अर्धा तास घेतलं होतं" इथेच गाडी अडते.

बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. आईने पुढून उघडणारा गाऊन घालून बाळाला दोन स्तनांच्या मधोमध उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून मऊ सुती साडीचा किंवा ओढणीचा पट्टा बाळाच्या कानाच्या पातळीपर्यंत बांधायचा. आईने पाठीला उश्या लावून रेलून बसायचं. एकदा घेतलं की निदान तासभर तरी हलवायचं नाही. आई जेवायला उठली की बाबांनी घ्यावं, आजीने घ्यावं. छातीवर केस आहेत म्हणून बाबा लाजतात, बाळाला त्याचं काही नसतं. साधारण अडीच किलोचं होईपर्यंत किंवा बाळ स्वतःच चुळबुळ करून बाहेर पडू बघेपर्यंत हे चालू ठेवा.

ऊब पुरतेय का ते हाताने कळतं. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर छान. पोट कोमट, तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीवर घ्या. दोन्ही गार असतील तर छातीवर घेऊनच दवाखान्यात निघा. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं.

खोली गरम करायला हीटर चालेल, पण बाळापासून लांब. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. गरम पाण्याची पिशवी नको, कातडी भाजते. उलट बाजूही लक्षात ठेवा: मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कुंची, झबलं आणि तीन दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ ताप आल्यासारखं तापतं. तिथे दुपटी कमी करा. कुलर आणि पंख्याचा झोत मात्र थेट अंगावर नको.

४. किती वेळाने पाजायचं? झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात ना?

पूर्ण दिवसांच्या गुटगुटीत बाळासाठी ते ठीक. हे बाळ भुकेने रडेलच याची खात्री नाही, म्हणून घड्याळ लावून पाजायचं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उठत नसेल तर दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा.

अंगावर ओढून दमत असेल तर उरलेलं काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाळ अर्धवट बसतं धरायचं, चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि बाळाला स्वतः चाटू द्यायचं. घशात ओतायचं नाही. एक घोट गिळून झाला की मगच पुढचा. वाटी, चमचा, बोंडलं दर वेळी धुऊन दहा मिनिटं उकळा. बाटली नको, तिच्या बुचात आणि निपलमध्ये जंतू बसतात.

काढलेलं दूध घरातल्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, २४ तास ठेवा. द्यायच्या वेळी वाटी कोमट पाण्यात धरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका.

दिवसातून सहा-आठ वेळा शू आणि रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ म्हणजे दूध पुरतंय. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून. घरी काटा आणून रोज वजन करू नका. शी करण्याआधी आणि नंतर वेगळं वजन येतं आणि त्यावरून घरात भांडणं होतात.

५. दूध पुरत नाही असं वाटतं. पावडर सुरू करू? की गाईचं दूध पाणी घालून?

गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंच वरचं दूध मुख्य आहार म्हणून वर्षापर्यंत नको. पावडर बालरोगतज्ज्ञांनी सांगितली तरच, आणि डब्यावरच्या मापानेच. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ केलेल्या पावडरीवर वजन वाढत नाही.

त्याआधी दोन गोष्टी करून बघा. कांगारू पद्धतीचे तास वाढवा, त्याने दूधही वाढतं. आणि दिवसरात्र मिळून निदान आठ वेळा दूध काढा, त्यातलं एक रात्रीचं. दूधपेढीबद्दलही विचारणा होते. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात सुरू झाली. पण पेढ्यांतलं दूध प्रामुख्याने भरती असलेल्या बाळांसाठी असतं, घरी नेण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. तुमचं दूध जास्त होत असेल तर मात्र दान करता येतं का ते जरूर विचारा.

६. आईचं दूध सगळ्यात चांगलं म्हणता, मग लोहाचे थेंब आणि डी जीवनसत्त्व कशाला?

बाळ लोहाचा साठा पोटात शेवटच्या तीन महिन्यांत करतं. ते महिनेच मिळाले नाहीत, म्हणून बाहेरून द्यायचं. लोह साधारण दोन ते चार आठवड्यांच्या वयापासून वर्षापर्यंत, डोस वजनावर ठरतो आणि वजनाबरोबर वाढवावा लागतो. शी काळपट होते, घाबरू नका. डी जीवनसत्त्व बहुतेकांना रोज ४०० युनिट सांगतात. वजन बरंच कमी असेल तर कॅल्शियम किंवा दुधात मिसळायची पुडीही असते, ती कधी बंद करायची ते फॉलोअपला विचारून ठरवा.

७. सासूबाई म्हणतात बाळगुटी द्या, टाळू भरा, धुरी द्या. "आमची मुलं अशीच वाढली." काय करू, काय टाळू?

सगळ्यालाच नाही म्हटलं तर भांडण होतं आणि मग तुमचं लक्ष नसताना गुटी दिली जाते. म्हणून वर्गवारी करून सांगा.

बाळगुटी नाही. वेखंड-जायफळ उगाळायची सहाण कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही आणि या बाळाची आतडी अजून नाजूक आहेत. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. ग्राइप वॉटरचीही गरज नाही.

धुरी नाही. ओवा, धूप, वावडिंग, काहीही असलं तरी धूर तो धूरच, आणि या फुप्फुसांना त्याचा त्रास होतो. बाळंतिणीला शेक घ्यायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत आणि बाळाला बाहेर ठेवून. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि बाबांची सिगारेट याच यादीत. मच्छरदाणी लावा.

मालिश चालेल, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. खोबरेल तेल, गरम खोलीत, पाच-दहा मिनिटं, हलक्या हाताने. मोहरीचं तेल कातडीला झोंबतं. नाक ओढून सरळ करणं, पाय उलटे नेऊन डोक्याला लावणं, नाका-कानात तेल, हे नको. मालिशवाल्या बाई येणार असतील तर पहिल्या दिवशी शेजारी बसा.

टाळू भरण्याने टाळू भरत नाही, ती आपोआप साधारण नऊ ते अठरा महिन्यांत भरते. डोक्याला थोडं तेल लावून आजीचं समाधान होत असेल तर लावू द्या, दाबू नका. काजळ डोळ्यात नको. तीट तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही निघते.

रोजची अंघोळ दोन-अडीच किलोपर्यंत नको, कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या.

८. झोळीत झोपवलं की गाढ झोपतं. चालेल ना?

नको. झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. मोठ्या बाळाची मान सावरते, याची सावरत नाही. सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवा. उशी नको, राईचीसुद्धा नको. "आयसीयूत तर पालथं झोपवायचे" हे खरं आहे, पण तिथे चोवीस तास मॉनिटर लावलेला होता. आईच्या अंथरुणाला लागून वेगळं अंथरूण घाला. आईच्या पांघरुणात एकत्र झोपवू नका.

९. लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता निघा:

- दूध ओढत नाही किंवा सलग दोन वेळचं पाजणं चुकलं, उठवूनही उठत नाही
- शांत झोपेत मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखाली खळगे, कण्हणं
- श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याआधीच ओठ-जीभ निळी पडली
- अंग गार (प्रश्न ३) किंवा काखेत ३७.५ च्या वर ताप
- हातपाय किंवा डोळे झटके दिल्यासारखे हलणं
- हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शीतून रक्त
- तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा
- आठ तासांत शू नाही

श्वास पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर चालणं या बाळांत दिसतं आणि रंग गुलाबी असेल तर ते चालतं. थांबलेला श्वास दिसला तर आधी तळपाय चोळा, मान सरळ करा, मग १०८ ला फोन लावा. वाटेत बाळ छातीशीच धरा.

१०. डोळ्यांची तपासणी राहून गेली. बाळ तर छान टुकूटुकू बघतं. पुढच्या महिन्यात दाखवलं तर चालेल?

नाही. या यादीत एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पोटात शेवटच्या आठवड्यांत पूर्ण होते. लवकर जन्मलेल्या बाळात ती बाहेर होते आणि कधी कधी वेडीवाकडी होते. पडदा सुटला तर दृष्टी कायमची जाते. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, पाणी नाही, लाली नाही, बाळ दिव्याकडे बघतंही. पालकांना लक्षात येईल अशी खूण दिसेपर्यंत उपचाराची वेळ बहुधा गेलेली असते.

आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा जन्मतः दोन किलोच्या आतल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला बराच काळ ऑक्सिजन लागला असेल किंवा ते फार आजारी असेल तर त्याचीही. ३० दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, डिस्चार्जपासून नाही. घोळ होतो तो इथेच.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासतात, बाळ रडतं, काही मिनिटांत संपतं. "पुन्हा दोन आठवड्यांनी या" म्हणाले तर दोनच आठवड्यांनी जा, पडदा पूर्ण वाढल्याचं सांगेपर्यंत. लेझर किंवा इंजेक्शन सांगितलं तर ते दोन-तीन दिवसांत करायचं असतं. नातेवाइकांचं मत घ्यायला गावी जाऊ नका. नेहमीच्या चष्म्याच्या डॉक्टरांकडे ही तपासणी होत नाही, पडद्याच्या तज्ज्ञांकडे किंवा जिथे आरओपी तपासतात तिथेच जा. तारीख चुकली असेल तर उद्या जा.

११. टाळी वाजवली की दचकतं, म्हणजे कान ठीक ना?

टाळीवरून काही कळत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा तपासणी (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) करून घ्या, फक्त आतला कान बघणाऱ्या एकट्या ओएई तपासणीतून काही दोष सुटतात. पहिल्या महिन्यात ही प्राथमिक तपासणी, दोष वाटला तर तीन महिन्यांपर्यंत निदान, सहापर्यंत उपचार.

१२. लसी जन्मतारखेने द्यायच्या की अपेक्षित तारखेने?

जन्मतारखेने. वजन कमी आहे म्हणून दीड महिन्याची लस पुढे ढकलू नका, डोसही अर्धा करत नाहीत. दोन अपवाद. बीसीजी बहुधा बाळ स्थिर झाल्यावर, डिस्चार्जच्या सुमारास देतात. आणि वजन दोन किलोच्या आत असताना दिलेला हिपॅटायटिस बीचा पहिला डोस मोजणीत धरत नाहीत, पुढचे तीन पूर्ण व्हायलाच हवेत. फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांनंतर, घरातल्या मोठ्यांनी आधीच घ्यावी.

१३. चार महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही. शेजारणीचं तर पालथं पडतं.

तुमच्या बाळाची दोन वयं आहेत. बाळ ३० आठवड्यांना झालं असेल तर ४० पूर्ण व्हायला १० कमी. चार महिने म्हणजे साधारण १७ आठवडे, त्यातून १० वजा, उरले ७. म्हणजे वाढीच्या हिशोबात हे पावणेदोन महिन्यांचं बाळ आहे, याला दुरुस्त वय म्हणतात. या वयात ओळखीचं हसू बघायचं, मान नाही. मान याच हिशोबाने चार महिन्यांपर्यंत सावरावी. वजन-उंचीचा तक्ता आणि विकासाचे टप्पे दोन वर्षांपर्यंत असेच मोजा. लसी (प्रश्न १२), वाढदिवस आणि शाळेचा दाखला मात्र जन्मतारखेने.

पण "लवकर झालंय, करेल हळूहळू" म्हणत बसू नका. वजा करूनही टप्पा मागे असेल, पाय कात्रीसारखे ताठ होत असतील किंवा एकच हात वापरत असेल तर दाखवा. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात फिजिओथेरपी, कान, डोळे एका जागी बघतात.

१४. उष्टावण कधी करायचं?

कार्यक्रम तुमच्या सोयीने करा, ओठाला खीर लावून मोकळे व्हा. रोजचं भरवणं साधारण दुरुस्त वयाने सहा महिने झाल्यावर, बाळ आधाराने बसतंय आणि मान घट्ट आहे हे बघून. वजन मागे असेल तर डॉक्टर कधी थोडं आधीही सांगतात.

१५. बारशाला लोकांना बोलवायचं नाही असं कसं सांगू? वाईट दिसतं.

डॉक्टरांवर ढकला. "डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय" या वाक्याचा आम्हाला काही त्रास नाही, दारावर चिठ्ठी हवी असेल तर तीही देतो. पहिले दोन-तीन महिने गर्दी नाही, सर्दी-खोकला असलेल्याने खोलीत यायचं नाही, बाळाची पापी कोणीच घ्यायची नाही, आणि घ्यायच्या आधी कोपरापर्यंत साबणाने हात. अंगठ्या-बांगड्या काढून. शाळेत जाणारा दादा-ताई सर्दी घरी आणतात, त्यांचे हात आधी धुवा. बारसं चौथ्या महिन्यात केलं म्हणून नाव बिघडत नाही.

१६. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं नाही, हे खरं का?

खोटं. पोटात जितके जास्त आठवडे तितकं बरं, यात आठव्या महिन्याला अपवाद नाही.

१७. जुळ्यांपैकी एक घरी आलं, दुसरं अजून आत आहे. आई कुणाजवळ थांबणार?

घरच्या बाळाला आजी किंवा बाबा छातीवर घेतील, आई दिवसा दवाखान्यात जाऊन दूध देईल, असं बहुतेक घरांत जमतं. घरी आलेल्याला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालू नका. काढलेल्या दुधाच्या वाट्यांवर नाव, तारीख, वेळ लिहा. दोन्ही घरी आली की औषधांच्या सिरिंजना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

१८. खर्च आणि रजा यांचं काय?

सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षापर्यंत मोफत आहेत, ने-आण धरून. आशाताई वजन-तापमान बघायला घरी येतात, त्यांना कार्ड दाखवा. महात्मा फुले योजनेत खाजगी दवाखाना बसतो का ते भरती असतानाच आरोग्यमित्राला विचारा. नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा असते. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आजारपण आलं तर दाखला जोडून आणखी एक महिना मागता येतो, ही तरतूद ऑफिसातल्यांना बऱ्याचदा माहीत नसते.

१९. सगळे म्हणतात बाळ घरी आलं, आता आनंदी राहा. मला मात्र रडू येतं, मॉनिटरचा आवाज कानात येत राहतो.

असं पुष्कळ आयांना होतं, बाबांनाही होतं, ते फक्त बोलत नाहीत. सलग चार तास झोप मिळेल अशी पाळी घरच्यांनी लावून द्यावी. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

२०. रडताना जांघेत फुगवटा येतो, झोपलं की जातो. नाणं बांधू का?

नाणं बेंबीवरही बांधायचं नाही आणि जांघेत तर नाहीच. बेंबीचा फुगवटा बहुधा आपोआप जातो. जांघेतला हर्निया या बाळांत बऱ्याचदा दिसतो, तो आपोआप जात नाही, शस्त्रक्रिया लागते, म्हणून पुढच्या फॉलोअपची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. फुगवटा कडक झाला, लाल-निळा पडला, दाबून आत जात नाही आणि बाळ उलट्या करत किंचाळतंय, तर पाजणं थांबवा आणि लहान मुलांचे सर्जन असलेल्या दवाखान्यात लगेच निघा.